डबा लिहिण्याआधी अर्धा तास तिच्याजवळ बसा

सोलापुरातल्या सगळ्या प्रसूतिगृहांचे डॉक्टर, सिस्टर आणि आयाबाई यांना,

सप्रेम नमस्कार.

मी दाजी पेठेची माहेरवाशीण. एप्रिलच्या शेवटी, ऊन बेचाळीसच्या पुढे गेलं होतं तेव्हा, तुमच्यासारख्याच एका दवाखान्यात माझं सिझर झालं. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. नंतर ज्या ज्या बाळंतिणींशी बोलले त्यांची हकिगत थोड्याफार फरकानं तीच निघाली, आणि त्यांचे दवाखाने मात्र वेगवेगळे होते. माझे टाके नीट भरले, ताप आला नाही, रात्री दोनला बेल वाजवली तरी सिस्टर धावत आल्या. त्याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. माझं म्हणणं एकाच गोष्टीबद्दल आहे. चार दिवसांच्या मुक्कामात माझी लेक अंगावर कशी पितेय, हे कुणी एकदाही बघितलं नाही. आणि तरी घरी सोडताना कागदावर दुधाच्या पावडरचा डबा लिहून मिळाला.

ती सकाळी साडेनऊला जन्मली, वजन २,९०० ग्रॅम. माझ्याजवळ आली दुपारी तीनला. तोवर तिला वाटी-चमच्यानं वरचं दूध पाजून झालं होतं आणि ती गाढ झोपली होती. संध्याकाळी एक सिस्टर आल्या, दोन बोटांनी दाबून बघितलं आणि म्हणाल्या, "अजून काही नाही ओ मॅडम." त्यांना दोष देत नाही. वॉर्डात अकरा बाळंतिणी आणि त्या एकट्या होत्या. पण ते "काही नाही" माझ्या डोक्यात बसलं ते दीड महिना उठलं नाही.

खरं तर होतं. थेंबथेंब पिवळा, चिकट चीक होता. पहिल्या दिवशी बाळ एका वेळेला फार तर चमचाभर पितं आणि तेवढंच त्याला हवं असतं. भरून दूध उतरतं ते दुसऱ्या ते पाचव्या दिवसात, पहिलटकरणीला आणि सिझरच्या बाईला थोडं आणखी उशिरा. म्हैस व्यायली तर तिचा चीक खरवसासाठी आपण हौसेनं मागून आणतो. बाईचा चीक मात्र कुणी मोजतच नाही. हे सगळं मला आज ठाऊक आहे. त्या दिवशी ठाऊक नव्हतं, आणि ज्यांना ठाऊक होतं त्यांना सांगायला वेळ नव्हता.

चौथ्या दिवशी तिचं वजन २,६८० भरलं. काट्यावरून उचलताना कुणीतरी "कमी झालंय" एवढंच म्हणालं आणि माझ्या पोटात खड्डा पडला. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन सात टक्क्यांपर्यंत, कधी दहापर्यंतही उतरतं आणि साधारण दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर परत येतं, हे एक वाक्य तिथं कुणी बोललं असतं तर माझे पुढचे पंधरा दिवस वेगळे गेले असते. दहाच्या जवळ गेलं तर बघायला हवं, हेही खरं. माझ्या लेकीचं साडेसात टक्क्यांच्या आसपास होतं. म्हणजे हातात घेऊन बघण्याची, पाजून घेण्याची वेळ होती. त्याऐवजी कागदावर आलं: दर तीन तासांनी तीस मिली, वरून.

घरी आल्यावर काय होतं ते तुम्ही दारं बंद झाल्यावर बघत नाही, म्हणून सांगते. आजीनं अळिवाची खीर सुरू केली, आईनं डिंकाचे लाडू वळले, चुलतीनं शतावरी कल्प आणून दिला, शेपू-लसूण झालं, बाळंतशोपा झाला. सगळं मायेनं. पण बारशाला आलेली प्रत्येक बाई दारातच विचारायची, "दूध हाय का गं पोटभर?" बाळ रडलं की आजी म्हणायची, "पुरंना बघ लेकराला." बाळ रडलं की डबा. डबा पाजला की बाळ चार तास झोपायचं. चार तास झोपलं की माझ्याकडे यायचंच नाही. आणि मग खरंच दूध कमी होऊ लागलं. बाराव्या दिवशी मी पंप लावून बघितला, दोन्हीकडचं मिळून वीस मिली निघालं. ती बाटली हातात धरून मी न्हाणीघरात बसून रडले. आईला वाटलं टाके दुखतात.

आपल्या भाषेत दूध असणं आणि पान्हा फुटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाय पान्हा चोरते म्हणतो ना आपण. कासेत दूध असतं, पण वासरू लावल्याशिवाय, तिला थोपटल्याशिवाय ती सोडत नाही. बाईचंही तसंच चालतं. शरीरातली दोन संप्रेरकं हे काम करतात: प्रोलॅक्टिन दूध बनवतं आणि ऑक्सिटोसिन ते पुढे ढकलतं. बाळानं जितकं ओढावं तितकं शरीर बनवतं. साचून राहिलं की बनवणं आवरतं घेतं. दुखणं, भीती, धास्ती यांनी ऑक्सिटोसिन अडखळतं. म्हणजे "तुला दूध नाही" हे घाबरलेल्या बाईला सांगणं हेच दुधाच्या आड येतं. पंपातून निघालेल्या वीस मिलीवरून बाळ किती पितं ते कळत नाही, कारण यंत्राला पान्हा फुटेलच असं नाही. हे मला एका आशाताईंनी, म्हणजे घरोघरी फिरणाऱ्या सरकारी योजनेतल्या आरोग्यसेविकेनं सांगितलं, तेही आमच्या घरच्या फरशीवर मांडी घालून.

आमच्या मागच्या बोळात विडी वळणाऱ्या बायकांची घरं आहेत. तिथल्या एकीचं बाळ माझ्या लेकीहून पाच दिवसांनी मोठं. तिच्याकडे आशाताई यायच्या, पिशवीत वजनकाटा घेऊन. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे त्यांनी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचं असतं. घरी जाऊन नवजात बाळ बघायची ही रीत याच महाराष्ट्रात, गडचिरोलीला, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं घडवली आणि २०११ पासून सरकारनं ती आशाताईंच्या हाती देऊन देशभर नेली. आमच्या घराकडे त्या येत नव्हत्या, आम्ही त्यांच्या यादीत नव्हतो. खासगी दवाखान्यात पैसे भरून बाळंत झालेली मी चौदाव्या दिवशी तशीच बसले होते, आणि तिच्या दोन खोल्यांच्या घरात काटा पोचला होता. आईनं त्यांना हाक मारली. त्या आल्या.

त्या वीस मिनिटं जवळजवळ काहीच बोलल्या नाहीत. "पाजा की," एवढंच म्हणाल्या आणि बघत बसल्या. टाके ओढू नयेत म्हणून मी मागे रेलून बसायचे, त्यामुळे बाळाच्या तोंडात फक्त टोक यायचं. ती चोखायची, दमायची, झोपायची, आणि मला ब्लेडनं चिरल्यासारखं दुखायचं. दुखणं म्हणजे पाजणंच असतं अशी माझी समजूत. त्यांनी माझ्या बगलेखाली उशी दिली, बाळाला बगलेतून घ्यायला लावलं, पाय माझ्या पाठीकडे, म्हणजे टाक्यांवर भार नाही. "तोंड मोठं उघडू द्या आधी. घाई नको. आता आणा जवळ. तुम्ही वाकू नका, लेकराला आणा." हनुवटी रुतली, खालचा ओठ बाहेर वळला, वरच्या बाजूला काळसर भाग जास्त दिसत होता आणि खाली कमी. मग त्या म्हणाल्या, "ऐका." मी ऐकलं. घुट्, थांबून, घुट्. चौदा दिवसांत पहिल्यांदा मी माझ्या लेकीला गिळताना ऐकत होते.

त्या दिवशी तिचं वजन २,९४० भरलं. वरच्या दुधामुळे ती उपाशी नव्हती, हे मी कबूल करते. आशाताईंनी डबा एकदम बंद करायला सांगितलं नाही, हे त्यांचं शहाणपण. आधी दोन्हीकडे पाजायचं, मग लागलंच तर वीस मिली, तेही वाटी-चमच्यानं; दर दोन-तीन दिवसांनी एक वेळ कमी; रात्रीचं पाजणं चुकवायचं नाही, कारण रात्री प्रोलॅक्टिन जास्त असतं; दुपारी पंख्याखाली बाळाला लंगोटावर ठेवून उघड्या छातीशी धरून पडायचं; आणि दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजायचं, घड्याळ न बघता. रडण्यावरून ठरवायचं नाही, लंगोट मोजायचे. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त ओले, शी पिवळी, वजन रोज वीस-तीस ग्रॅमनं वर, मग पुरतंय. संध्याकाळी सातपासून दहापर्यंत बाळ सारखं सारखं मागतं, तेव्हा दूध संपलेलं नसतं. दीड महिन्यानं छाती मऊ पडते, तेव्हाही आटलेलं नसतं. अठ्ठाविसाव्या दिवशी काटा ३,३०० वर गेला आणि त्याच आठवड्यात डब्याचं झाकण मी शेवटचं लावलं.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल, ही बाई डब्याच्या विरोधात आहे. तसं नाही, आणि म्हणूनच माझ्या शेजारच्या खाटेवरच्या बाईबद्दल सांगते.

तिला बाळंतपणात फार रक्तस्राव झाला होता, दोन बाटल्या रक्त चढवलं होतं. तिचं बाळ रडायचंच नाही. येणारी प्रत्येक बाई म्हणायची, किती शांत गं बाळ. तिला मात्र सगळ्यांनी सांगितलं, येईल दूध, धीर धर, फक्त पाजत राहा. ती पाजत राहिली. पाचव्या दिवशी तिच्या मावशीचा फोन आला: बाळ पिवळंधमक, लंगोट सकाळपासून कोरडा, तोंड सुकलेलं, उठवलं तरी उठेना. ते मूल पुन्हा भरती झालं, काविळीसाठी निळ्या दिव्याखाली राहिलं, सलाईन लागलं, आणि देवाच्या दयेनं बरं झालं. खूप रक्त गेलेल्या बाईला, वारेचा तुकडा आत राहिलेल्या बाईला, थायरॉइड बिघडलेल्या बाईला, कधी छातीत दूध बनवणारा भागच पुरेसा वाढलेला नसलेल्या बाईला खरंच कमी दूध येतं. कधी बाळच अपुऱ्या दिवसांचं असतं, कधी त्याची जीभ खाली बांधलेली असते. तिथं वरचं दूध औषधासारखं लागतं, ते वेळेवर द्यायलाच हवं, आणि ते देणाऱ्या आईनं मान खाली घालायचं काहीएक कारण नाही.

मला दूध होतं, मला नाही म्हणून सांगितलं गेलं. तिला नव्हतं, तिला येईल म्हणून सांगितलं गेलं. दोन खाटांमध्ये तीन फुटांचं अंतर होतं. दोघींचीही बाळं पिताना कुणी अर्धा तास बसून बघितली असती, तर दोन्ही चुका त्याच दिवशी उघड झाल्या असत्या. माझ्या सगळ्या पत्रात मला एवढंच म्हणायचं आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशातली ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली. जन्मल्यावर तासाभरात अंगावर घेतलेली बाळं मात्र ४१.८ टक्केच. पूर्वी म्हणता यायचं की बाई घरी बाळंत होते, सुईण चीक फेकायला लावते. आता तर बहुतेक सगळ्या तुमच्या छपराखाली आहेत. तो पहिला तास तुमच्या हातात आहे. सिझर झालं असलं तरी बहुतेक वेळा बाई शुद्धीवर असते, बाळाला तिच्या छातीवर ठेवता येतं. माझ्या बाबतीत साडेपाच तास गेले ते कुठल्या आजारपणामुळे नव्हे, खाली खोली रिकामी होत नव्हती म्हणून.

एक गोष्ट लिहायला संकोच वाटतो, पण लिहिते. मी जिथं होते तिथं बाहेरच्या बाकांसमोर एका पावडरच्या डब्याचं चित्र असलेलं कॅलेंडर टांगलेलं होतं. अर्भकांच्या दुधाच्या पर्यायांबद्दलचा कायदा १९९२ चा आहे, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. त्यानुसार या वस्तूंची जाहिरात करता येत नाही, आईला फुकट नमुने देता येत नाहीत, दवाखान्यात त्यांची पोस्टरं लावता येत नाहीत, डब्यावर बाळाचं किंवा आईचं चित्रही छापता येत नाही. तुम्हाला हे माझ्याहून चांगलं माहीत आहे. ते कॅलेंडर उतरवायला खर्च येत नाही. बाकावर बसलेली, नऊ महिने भरलेली बाई दोन तास दुसरं काय बघणार?

डब्याचा पुढचा हिशेब आपल्या गावाच्या बाबतीत आणखी जड आहे. आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं, ते पिंपात भरून ठेवायचं, त्यातच हात बुडतात. डब्याचं दूध करायचं तर पाणी उकळलेलं हवं, वाटी-चमचा दरवेळी उकळलेला हवा. बाळ पाच महिन्यांचं झालं की चारशे ग्रॅमचा डबा चार दिवसांत संपतो. हजार बिड्यांमागे मजुरी मिळणाऱ्या घरात मग चार चमच्यांऐवजी दोन चमचे पडतात, बाळाचं पोट पाण्यानं भरतं, आणि मूल वाढत नाही. तुमच्या कागदावरची ती एक ओळ त्या घरात अशी पोचते.

आणि आपलं ऊन! मे महिन्यात चाळिशी ओलांडली की प्रत्येक घरात तान्ह्याला चमच्यानं पाणी पाजतात, घसा सुकतो म्हणून. माझ्या आजीनंही पाजलं. सहा महिन्यांपर्यंत सोलापूरच्या उन्हातसुद्धा वेगळं पाणी लागत नाही. आईच्या दुधात शंभरातले जवळजवळ अठ्ठ्याऐंशी भाग पाणीच असतं. उन्हाळ्यात बाळ थोडं थोडं, जास्त वेळा पितं, एवढंच. पाण्यानं पोट भरलं की ते दूध कमी ओढतं आणि पुन्हा तेच चक्र सुरू होतं. हे आजीला मी सांगून पटलं नाही. आशाताई म्हणाल्या, "आजी, पाणी लेकराला नको, हिला द्या. तांब्या भरून हिच्या उशाशी ठेवा." ते पटलं. बाळंतिणीला पाणी कमी द्यायचं ही आमच्या घरची जुनी रीत, ती त्या दिवशी मोडली, आणि मोडणारी आजीच होती. म्हणून म्हणते, घरी सोडताना फक्त नवऱ्याशी बोलू नका. सासूला, आईला, आजीला आत बोलवा. घरी बाळाच्या तोंडात काय जाईल ते त्या ठरवतात. दृष्ट काढणाऱ्या, शेक-शेगडी करणाऱ्या त्या बायकांना आई-बाळाची काळजी तुमच्या-माझ्याइतकीच आहे. त्यांना फक्त लंगोट मोजायला शिकवलं तरी निम्मं काम होईल.

तुम्ही म्हणाल, माणसं कुठून आणू. अडचण खरी आहे, मी रात्रपाळीच्या त्या एकट्या सिस्टर बघितल्या आहेत. पण आशाताईंकडे काय होतं? एक काटा, एक उशी आणि वीस मिनिटं. स्तनपानाचं प्रशिक्षण देण्यासाठी केंद्र सरकारचा 'मा' नावाचा कार्यक्रम ऑगस्ट २०१६ पासून आहे, त्यात नर्सना शिकवलं जातं. प्रत्येक दवाखान्यात एक सिस्टर, किंवा वर्षानुवर्षं बाळं हाताळलेली एक आयाबाई, एवढ्याच कामासाठी तयार करा. जसा तापाचा आकडा कागदावर चढतो तसंच घरी सोडण्याच्या कागदावर लिहिलेलं असू द्या: पाजताना कुणी पाहिलं, कधी पाहिलं, तोंड नीट धरलं का, गिळलं का. पाचव्या-सातव्या दिवशी आईला फक्त बाळाचं वजन करायला बोलवा, फी न घेता, ओळीत उभं न करता. आणि डबा लिहावाच लागला तर त्याच कागदावर हेही लिहा की तो कशासाठी, किती दिवसांसाठी, कसा कमी करायचा, आणि अंगावर पाजणं मधल्या काळात कसं चालू ठेवायचं. माझ्या कागदावर सुरू करायची तारीख होती. थांबवायची नव्हती.

याच राज्यात, मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. एका आईचं दूध दुसरीच्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाला मिळावं म्हणून. इतकं मोठं काम जिथं झालं, तिथं मी सोलापुरातल्या दवाखान्यांकडे एक खुर्ची मागतेय, खाटेशेजारी ठेवायला.

माझी नणंद आठव्या महिन्यात आहे. पहिलटकरीण, पुण्याहून बाळंतपणाला माहेरी, म्हणजे माझ्या सासरी येतेय. तिचं नाव तुमच्यापैकीच एकाकडे घातलं आहे. मी तिच्याबरोबर असेन. उशी घरून आणेन. बाळ जन्मल्यावर तासाभरात मी दारात येऊन विचारेन, पाजताना हिच्याजवळ कोण बसणार आहे? त्या वेळी तुमच्यापैकी कुणीतरी एकीनं "मी" म्हणावं म्हणून हे पत्र आजच लिहिते आहे.

आपली,
दाजी पेठेतली एक आई